उरलेल्या माणसाची साक्ष

खैरलांजी म्हटलं की आपण मोर्चे आन् निकाल सांगतो. 29 सप्टेंबर 2006, मोहाडी तालुका. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर मारले गेले. भैयालाल भोतमांगे उरले. 2008 ला भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली, 2010 ला हायकोर्टानं ती रद्द करून 25 वर्षांची कैद केली. 2017 ला भैयालालही गेले.

मी इतकंच इचारतो : जो उरला, त्याच्या मनाचं काय? मदत रुपयांत मोजता येते. मोडलेली झोप कशात मोजायची?

चिलीत लष्करशाहीच्या छळातून वाचलेल्यांसाठी 1983 साली मानसतज्ज्ञांनी एक इलाज मांडला : साक्ष. माणूस बोलतो, ऐकणारा लिहितो, वाचून दाखवतो. चुकलं ते बोलणाराच दुरुस्त करतो. भीतीचे तुकडे जुळतात. लाज छळणाऱ्याच्या पदरात पडते. पुढे वाराणसीत मानवाधिकार जननिगरानी समितीनं हाच इलाज दलित वस्त्यांत नेला. तिथं ती साक्ष वस्तीसमोर सन्मानानं वाचतात.

आपल्यात बोलणारे लय, ऐकणारे थोडे. मोर्चा पांगला की उरलेल्याच्या ओसरीवर कोण बसतो? त्याला बोलतं करायची घाई नको, जखम उकरू नका. फक्त जात राहा. तो म्हणेल त्या दिवशी वही उघडा.