फट, लुकण आणि पाणी

नौकांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार शिडांचे, तोफांचे आणि सरदारांच्या पराक्रमाचे वर्णन करताना थकत नाहीत. परंतु दोन फळ्यांमधील जी फट बुजल्यावाचून आरमारातली बलाढ्य गुराबही किनाऱ्यापासून कोसभर अंतर सुखरूप कापू शकत नाही, त्या फटीत काय भरले जात होते याची विचारपूस क्वचितच कोणी करतो. 'आज्ञापत्रा'तील आरमाराच्या प्रकरणात रामचंद्रपंत अमात्यांनी लाकडाची चिंता मोठ्या बारकाईने वाहिली आहे. सागवान तोडावयाचे ते हुजूरच्या परवानगीने, आणि रयतेच्या आंब्याफणसाला धन्याच्या राजीखुशीवाचून हात लावता कामा नये, अशी तेथे सक्त ताकीद आहे. फटीत भरावयाचे लुकण मात्र अमात्यांच्या नव्हे, तर सुताराच्या अधिकारातले.

त्या सुताराची रीत पाहून युरोपीय प्रवासीही चकित होत. त्यांच्याकडे फळीला फळी नुसती भिडवून मधली फट ठोकून भरीत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर एका फळीची कड दुसरीच्या खाचेत बसवीत, आणि सांधा बिनचूक बसला की नाही हे पडताळण्यासाठी एका कडेला तांबडा रंग फासून, दुसऱ्या कडेवर तो सर्वत्र सारखा उमटेपर्यंत रंधा चालवीत. त्यानंतर त्या खाचेत राळ आणि कापसाचा पातळ थर घालून फळ्या कायमच्या आवळीत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली 1817 साली पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे उभी आहे, हे मुंबईच्या कारागिरीचे सर्वांत बोलके प्रमाणपत्र.

अन्यत्र निराळे प्रकार होते. मार्को पोलोने होर्मुझच्या बंदरात काथ्याने शिवलेली जहाजे पाहिली. त्यांना डांबर नव्हते, केवळ माशाचे तेल चोपडलेले होते, आणि ती बुडतातही फार, असा शेरा त्याने मारला. चिनी जहाजांचे त्याने कौतुक केले, कारण तेथे चुना, बारीक कुटलेला ताग आणि एका झाडाचे तेल एकत्र मळून चिवट लेप तयार करीत. चुना आणि तेल हा संयोग आपल्याही किनाऱ्याला परका नव्हता.

या सर्व लेपांचे एक वैशिष्ट्य होते, आणि माझ्या मते पुढील सारी कथा त्यातच दडलेली आहे. लाकडी नौकेत लुकण एकट्याने काम करीत नसे. अर्धे काम पाणी करी. उन्हाळाभर कोरड्यावर पडलेला मचवा समुद्रात लोटला की पहिले एक-दोन दिवस तो गळणारच. खलाशी मुकाट्याने पाणी उपसत बसत, कारण लाकूड पाणी पिऊन फुगेल, फळी फळीला रेटील आणि मधला कापूस आवळला जाईल, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून लुकण मऊ हवे, दबणारे हवे. जे दगडासारखे घट्ट होईल ते फळीच फोडील.

काचतंतूच्या नौकेने लाकूड आणि पाणी यांच्यातला हा तह मोडला. काचेचे तंतू विपुल प्रमाणात काढण्याची कृती अमेरिकेतील ओहायो प्रांतात गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात सिद्ध झाली आणि त्याच प्रांतातील टोलेडो येथे रे ग्रीन यांनी 1942 साली पॉलिएस्टर राळेत काचतंतू बसवून लहानशी होडी घडविली. या होडीत पठाण नाही, वाक नाहीत, फळ्या नाहीत. सगळे अंग एकसंध. सांधाच नाही तेथे लुकण कशाला, असे प्रथम वाटले असल्यास नवल नाही. परंतु धक्क्यावर आपटून भोक पडले की ते बुजवावेच लागते, आणि येथे लाकूड फुगून मदतीला येत नाही.

तेव्हा हाताशी जे होते ते मोटारीच्या कारखान्यातले. 1950 नंतरच्या काही वर्षांत मोटारीच्या पत्र्याचे खड्डे वितळलेल्या शिशाऐवजी पॉलिएस्टर राळ आणि शंखजिऱ्याची पूड यांच्या लगद्याने भरण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या गॅरेजांत तिलाच लांबी म्हणतात. स्वस्त, पंधरा मिनिटांत कडक होणारी आणि लोण्यासारखी घासली जाणारी ही लांबी होडीवर आली, यात आश्चर्य नव्हते. पण अशी लांबी पाणी शोषते. एका खाडीकाठी मी अशी लांबी भरलेली होडी हंगामानंतर पाहिली. रंगाखाली ठिगळ इतके भुसभुशीत झाले होते की नखाने उकरता येई. मालकाने त्यावर पुन्हा लांबीच भरली, ही गोष्ट निराळी.

पॉलिएस्टरचा दुसरा दोष म्हणजे आकुंचन: कडक होताना तिचे आकारमान शेकडा 5 ते 8 भागांनी घटते, आणि ठिगळ कडेपासून सुटू पाहते. यावरचा उपाय, गंमत अशी, दंतवैद्यकाच्या दालनातून आला. स्वित्झर्लंडात पिअर काश्तां हे रसायनज्ञ कवळ्यांसाठी द्रव्य शोधीत असता 1938च्या सुमारास त्यांना इपॉक्सी राळ गवसली. तिचे हक्क घेणाऱ्या सिबा कंपनीने 1946 साली ती 'अराल्डाइट' या नावाने बाजारात मांडली. आपल्या घरोघरी फुटक्या कपाचा कान चिकटविणारी ती हीच. लाकूड आणि इपॉक्सी यांची सांगड घालून नौका बांधणाऱ्या मिशिगनमधील गूजन बंधूंनी ही राळ आणि तिच्यात मिसळावयाच्या पुडी सामान्य नौकाधारकाच्या हाती दिल्या. पॉलिएस्टरचा प्रवर्तक थोडा कमीजास्त चालतो; इपॉक्सीचा घट्टक मात्र तोलूनमापूनच घालावा लागतो, जास्त घातल्याने काम लवकर उरकत नाही, बिघडते.

या पुडींची निवड हाच खरा विषय. सिलिकाची धुराइतकी बारीक पूड, जिच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे 200 चौरस मीटर भरते, राळेला घट्टपणा देते. अशी राळ उभ्या भिंतीवरून ओघळत नाही. अमेरिकन माहितगार तिची दाटी भुईमुगाच्या लोण्याशी ताडून पाहतात. आपण श्रीखंडाशी ताडावी. जोर सोसावयाचा असेल, बोल्टाचे भोक असेल, तेथे सिलिकेसोबत कापसाचे कुटलेले तंतू मिसळतात. वाडियांच्या खाचेतला कापूस येथे असा परत आला. पृष्ठभाग केवळ सपाट करावयाचा असेल तेव्हा पोकळ सूक्ष्म गोळ्यांची तांबूस पूड चांगली, कारण ती हलकी असते आणि सहज घासली जाते. ओहायोतील एका तेल कंपनीने हे गोळे मुळात टाक्यांतील कच्च्या तेलावर तरंगवून त्याचे बाष्पीभवन रोखण्यासाठी काढले होते. पाणरेषेखाली भार वाहणाऱ्या जागी ते भरणे चुकीचे. आरपार भोक असेल तर कोणतीच पूड पुरेशी नाही. तेथे कडा जाडीच्या बारापट लांब उतरत्या घासून काचेच्या कापडाचे थरच चढवावे लागतात.

आणि पाणी? सन 1970 नंतर असे दिसू लागले की, पाण्यातच राहणाऱ्या काचतंतूच्या नौकांच्या तळावर फोड येतात. बाहेरच्या गुळगुळीत थरातून पाणी झिरपते, आतील विद्राव्य द्रव्ये विरघळवून साचते आणि परासरणाच्या दाबाने त्वचा उचलते. फोड फोडला की आंबट वासाचा द्रव वाहतो. अशी नौका बाहेर काढून, त्वचा खरवडून, आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने, सावलीत वाळू द्यावी लागते. आर्द्रतामापकाचा काटा खाली येईपर्यंत लुकणाचा डबा उघडत नाहीत. मचव्याची फट बंद होण्यासाठी ज्या पाण्यात त्याला मुद्दाम लोटीत, त्याच पाण्याचा शेवटचा अंश या तळातून निघून जावा म्हणून कारागीर पंखा लावून बसलेला असतो.