कोंडाणे, कल्याण आणि ग्रीक संहितांचे वाचन

ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा अभ्यास आज कोणी आणि कशासाठी करावा, हा प्रश्न मराठी विद्याव्यवहारात सहसा उपस्थित होत नाही. याला ऐतिहासिक कारण आहे. या भाषा आपल्याकडे आल्या त्या सत्तेच्या शिक्षणाचा भाग म्हणून. १८५५ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या सनदी सेवेच्या स्पर्धापरीक्षेच्या योजनेत ग्रीक व लॅटिन यांना प्रत्येकी ७५० गुण होते. संस्कृत व अरबी यांना प्रत्येकी ३७५. हिंदुस्थानचा कारभार पाहण्यासाठी हिंदुस्थानच्या अभिजात भाषेपेक्षा ग्रीक दुप्पट मोलाची ठरावी, या हिशेबातच त्या विद्येचे वसाहतवादी रूप उघड होते. त्यामुळे पुढील पिढ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, तर ते समजण्याजोगे आहे. तथापि, एखाद्या विद्येचा सत्तेने केलेला वापर आणि त्या विद्येचे ज्ञानमूल्य या दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. त्यासाठी कर्जत-खालापूरचा परिसर एक चांगले उदाहरण पुरवतो.

कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाण्याची लेणी आहेत. ही नदी पुढे कल्याणकडे जाते. शेजारच्या खालापूर तालुक्यात खोपोलीपासून बोरघाट चढू लागतो आणि घाटमाथ्यापलीकडे कार्ल्याचे चैत्यगृह येते. कल्याण व चौल ही बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांना जोडणाऱ्या वाटा याच टापूतून जात असत. कोंडाण्याचे चैत्यगृह सामान्यतः इ.स.पूर्व पहिल्या शतकातील मानले जाते. त्याच्या दर्शनी भागी भग्न मूर्तीच्या शिराजवळ ब्राह्मीतील एकच ओळ आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे काम केले, एवढाच तिचा आशय. राजाचे नाव नाही, काळ नाही, व्यापाराचा उल्लेख नाही.

याच किनाऱ्याविषयी ग्रीक भाषेत एक संहिता उपलब्ध आहे. इजिप्तमधील एका अनामिक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा करते. थोरल्या सारगनसाच्या काळी हे अधिकृत बंदर होते. पुढे सांदनेसाने ते घेतल्यावर तेथील व्यापारास अडथळा आला आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे ते सांगते. व्यापारी बंदरावर थांबतो. घाटाखालच्या कारागिराची त्याला वार्ता नाही. शिलालेखाला समुद्र दिसत नाही, संहितेला लेणे दिसत नाही. इतिहासकाराला या दोन मौनांच्या मध्ये काम करावे लागते, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंची भाषा लागते.

अनुवादावर भागत नाही काय? या आक्षेपाला एका राजनामाचे उदाहरण पुरेसे आहे. भडोचच्या परिसरावर राज्य करणाऱ्या राजाचे नाव पेरिप्लसच्या एकोणिसाव्या शतकातील अनुवादांत र-कारयुक्त आढळते. शॉफ यांच्या १९१२ च्या अनुवादात ते ‘नंबानस’ होते. कॅसन यांच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘मानबानोस’. हा राजा क्षहरात नहपान असे मानले, तर परिणाम दूरगामी आहेत. पेरिप्लस नबातियन राजा मालिखस याचा समकालीन म्हणून उल्लेख करते. दुसऱ्या मालिखसाची कारकीर्द इ.स. ४० ते ७० अशी. म्हणजे नहपान पहिल्या शतकाच्या मध्याकडे सरकतो. उलट, जुन्नरच्या लेखातील ४६ हे वर्ष शक संवताचे मानले, तर तो इ.स. १२४ पर्यंत येतो. नहपानाचा जावई उषवदात याचे दान कार्ल्यात कोरलेले आहे आणि नहपानाचा उच्छेद गौतमीपुत्र सातकर्णीने केला. तेव्हा नावातील एका-दोन वर्णांवर सातवाहनांच्या कालानुक्रमातील सुमारे अर्धे शतक अवलंबून राहते. यांतील कोणता वर्ण हस्तलिखिताचा आणि कोणता संपादकाच्या दुरुस्तीचा, हे अनुवाद सांगू शकत नाही.

दुसरे उदाहरण नामांतराचे. टॉलेमीच्या भूगोलात पैठणच्या राजाचे नाव ‘सिरोप्टोलेमाइओस’ असे येते. हा सिरी पुळुमावी, हे रा. गो. भांडारकरांनी १८८४ च्या आपल्या दख्खनच्या इतिहासात उपयोगात आणले. ग्रीक कानाने अपरिचित नाव परिचित नावात ढाळले. हीच प्रक्रिया उलट दिशेनेही घडली. ‘इआओनेस’ हा शब्द प्राकृतात ‘योन’, संस्कृतात ‘यवन’ झाला. कार्ल्याच्या स्तंभांवर धेनुकाकटचे यवन दाते आहेत; पण सिहधय, यसवधन ही त्यांची नावे भारतीय आहेत. हे ग्रीक वंशाचे लोक, की यवन म्हणून ओळखला जाणारा व्यापारी समूह, हा वाद संपलेला नाही. पुढे बखरींत तोच शब्द मुसलमानांना लागतो. ‘यवन’ म्हणजे नेहमीच परका आणि शत्रू, हा आजचा समज कार्ल्याचा स्तंभ पुसून टाकतो. तेथे यवन हा विहाराचा दाता आहे.

समीक्षेलाही हा प्रश्न टाळता येणार नाही. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले; तरी ‘कॅथार्सिस’, ‘मिमेसिस’ यांविषयीची आपली चर्चा बव्हंशी इंग्रजी भाष्यांच्या आधारे चालते. परिणामी ग्रीकांविषयीचे युरोपीय मत आपण ग्रीकांचे मत म्हणून स्वीकारतो. ज्या वसाहतवादी मध्यस्थीपासून सुटण्यासाठी ग्रीक सोडले, ती मध्यस्थी ग्रीक न शिकल्यानेच दृढ झाली आहे.

ग्रीक-लॅटिनचा अभ्यास पालीप्राकृताच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीने व्हावा, असे म्हणावयाचे ते यासाठी. बलकाची ओळ वाचणाऱ्यास पेरिप्लस वाचता आले पाहिजे आणि पेरिप्लस वाचणाऱ्यास बलकाची ओळ. दोन्ही वाचणारे अभ्यासक मराठीत निर्माण होईपर्यंत या घाटवाटेचा इतिहास दुसऱ्याच्या अनुवादावर उभा राहील.