पालि टेक्स्ट सोसायटीचा जमाखर्च आणि कारभार

दीघनिकायाचा किंवा संयुत्तनिकायाचा संदर्भ देताना आपण जे खंड व पृष्ठांक लिहितो, ते बहुधा पालि टेक्स्ट सोसायटीच्या रोमन प्रतीचे असतात. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली १९५६ पासून निघालेल्या नालंदा देवनागरी तिपिटकानेही त्या प्रतीची पृष्ठे समासात दिली आहेत. ग्रंथांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु ते कोणाच्या पैशाने छापले गेले आणि त्या पैशाचा कारभार कोणाच्या हाती होता, याची चौकशी आपल्या अभ्यासकांनी क्वचितच केली आहे.

श्रीलंकेत सनदी नोकरी केलेले टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये लंडनला ही संस्था स्थापिली. हाती भांडवल नव्हते. वर्गणी वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग; सहा वर्षांची एकदम भरल्यास पाच गिनी. या सवलतीत सारे अर्थकारण सामावलेले होते. छापखान्याचे देणे आज द्यावे लागते आणि ग्रंथ मात्र सावकाश खपतो. म्हणून पैसा आगाऊ हवा. वर्गणीदाराला घरपोच मिळणाऱ्या ग्रंथांचा खर्च गिनीहून अधिक असे. तूट भरून काढण्यासाठी, पालि न जाणणाऱ्यांनीही देणगी द्यावी, असे आवाहन संस्था करी. वर्गणी आपण होऊन पाठवावी, अध्यक्षांना मागणीपत्रांचा खर्च व त्रास देऊ नये, अशी विनंतीही ती छापी. विहाराच्या किंवा मंडळाच्या वर्गणीसाठी दारोदार फिरलेल्या वाचकाला ती विनंती ओळखीची वाटेल.

या आवाहनास पहिला भरघोस प्रतिसाद दिला तो श्रीलंकेतील भिक्खूंनी. गॉल येथील एडमंड गुणरत्न मुदलियार हे तेथील मानद चिटणीस. त्यांच्यामार्फत अनेक थेरांनी वर्गण्या पाठविल्या, हस्तलिखिते मिळवून देण्यास साह्य केले आणि पत्रे लिहून या कार्याचे स्वागत केले. ज्यांना हे ग्रंथ मुखोद्गत होते व ज्यांच्या विहारांत ते ताडपत्रांवर जपलेले होते, त्यांनी परकीय लिपीतील छपाईसाठी आगाऊ पैसे द्यावेत, ही सामान्य घटना नव्हे. पुढे सयामचे राजे चुलालोंगकोर्न यांच्या आश्रयाने बौद्ध ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांची माला १८९५ पासून निघू लागली. याच राजांनी १८९३ मध्ये स्वदेशी सयामी लिपीत ३९ खंडांचे तिपिटक छापविले होते.

व्यवस्थापक मंडळात मात्र फाउसब्योल, ओल्डेनबर्ग, मॉरिस, सेनार हे सारे युरोपीय पंडित होते. त्यांच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. संपादक मानधन घेत नसत, आणि हे विनावेतन श्रम हीच संस्थेची खरी ठेव होती. तरीही वर्गणी देणारा संघ एकीकडे आणि निर्णय घेणारे मंडळ दुसरीकडे, ही विभागणी प्रारंभापासून राहिली. दायकाला ग्रंथ मिळाला. मत मिळाले नाही.

१९२२ मध्ये ऱ्हीस डेव्हिड्स निवर्तले, तोवर ६४ ग्रंथांचे ९४ खंड प्रकाशित झाले होते. त्यांच्यामागे सूत्रे पत्नी कॅरोलाइन यांच्याकडे आली व १९४२ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. सुमारे साठ वर्षे एकाच घरातून कारभार चालला. कॅरोलाइनबाईंचा अधिकार मोठा होता. अभिधम्माच्या क्षेत्रात त्यांनी केलेले काम आजही मोलाचे आहे. परंतु उत्तरायुष्यात त्यांची अशी धारणा झाली की, अनत्त ही बुद्धाची मूळ शिकवण नव्हे, ती भिक्खूंनी मागाहून घातलेली भर आहे. ही धारणा त्यांनी संस्थेच्या भाषांतरग्रंथांच्या प्रस्तावनांतून मांडली. ज्या थेरवादी परंपरेच्या वर्गणीवर संस्था उभी राहिली, तिच्याच केंद्रीय सिद्धांताविरुद्धचे मत संस्थेच्या मुद्रेने प्रसिद्ध झाले. मत बाळगण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. प्रश्न आहे तो अध्यक्षाचे मत आणि संस्थेचा ग्रंथ यांतील सीमेचा.

विनयात याचा विचार सूक्ष्मपणे केलेला आढळतो. महावग्गाच्या चीवरक्खंधकात भांडागारिकाची, म्हणजे कोठाराच्या रक्षकाची, नेमणूक संघाने रीतसर ठरावाने करावी, असे सांगितले आहे. छंद, दोस, मोह, भय यांच्या आहारी न जाणारा आणि काय राखले, काय राखले नाही हे जाणणारा असा तो असावा. स्वतःचा कल हीसुद्धा अपात्रता ठरविणारा हा नियम लंडनच्या ग्रंथभांडारालाही लागू पडला असता.

पुढील काळात आय. बी. हॉर्नर यांनी १९४२ पासून चिटणीस व १९५९ ते १९८१ अध्यक्ष म्हणून संस्था सांभाळली. विनयपिटकाचे सहा खंडांचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १९३८ ते १९६६ या काळात निघाले. संपलेले ग्रंथ पुन्हा छापणे हा त्यांच्या कारभाराचा कणा होता; जुन्या ग्रंथाची विक्री नव्या ग्रंथाचा खर्च उचलते, हे चक्र त्यामुळे चालू राहिले. त्यांच्यानंतर के. आर. नॉर्मन १९९४ मध्ये आणि रिचर्ड गॉम्ब्रिच २००२ मध्ये हयातीतच पदावरून दूर झाले. संस्था आज नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे. आपल्याकडील न्यासांना धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावे लागतात, त्याप्रमाणे तिचे वार्षिक हिशेब चॅरिटी कमिशनकडे जातात व कोणालाही पाहता येतात.

मात्र विक्रीवर चालणाऱ्या या चक्राला नवा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातून निर्माण झाला. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९७ मध्ये छट्ठ संगायनाचा संपूर्ण पाठ संगणकीय तबकडीवर विनामूल्य वाटण्यास आरंभ केला. तेथे ग्रंथ दायकाच्या दानातून निघतो व वाचकाला फुकट मिळतो. लंडनच्या परंपरेत वाचकाने दिलेली किंमत हाच पुढच्या ग्रंथाचा आधार. तरीही या फुकट पाठातून गाथा उतरवून घेणारा विद्यार्थी प्रबंधात पृष्ठांक द्यावयाचा झाला की पुन्हा सोसायटीचाच देतो.