एका स्तोत्राच्या शेवटच्या ओळी

शासकीय सेवेच्या प्रारंभीच्या वर्षांत आमचा मुक्काम एका तालुक्याच्या गावी होता. तेथील एका ज्येष्ठ ख्रिस्ती सहकाऱ्यांच्या घरी मराठी ‘पवित्र शास्त्र’ प्रथम आमच्या हाती आले. चाळता चाळता स्तोत्रसंहितेतील १३७वे स्तोत्र समोर आले. पाडाव करून परमुलखात आणलेली माणसे नदीकाठी बसून आपल्या नगरीच्या आठवणीने रडत आहेत. त्यांनी वाद्ये झाडांना टांगून ठेवली आहेत आणि जेते मात्र त्यांना तिकडचे गाणे म्हणण्याचा आग्रह करीत आहेत. आमचे पूर्वज काही पाडाव होऊन इकडे आले नव्हते, ते चाकरीसाठी आले; तरीही पिढ्यान्‌पिढ्या मूळ गावापासून दूर राहिलेल्या घराण्यातील माणसाला हे वाचून भरून यावे, यात नवल नाही.

पण स्तोत्र संपता संपता आम्ही थबकलो. शत्रूची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला तेथे धन्य म्हटले आहे. आम्ही चाचरत सहकाऱ्यांना त्याविषयी विचारले. ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही जेथे थांबलात, तेथेच आमचे पाळकही थांबतात. पुढचे उपासनेत वाचत नाहीत.” पवित्र मानलेल्या ग्रंथात जे आहे ते वाचायचे नाही आणि काढायचेही नाही, हा काय प्रकार असावा? निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा आम्ही या प्रश्नाचा मागोवा घेतला.

मूळ प्रसंग इतिहासातला आहे. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जिंकले, मंदिर जाळले आणि अनेकांना कैद करून नेले. राजा सिद्‌कीया याच्या मुलांना त्याच्या डोळ्यांदेखत ठार करून नंतर त्याचे डोळे काढले, अशी नोंद बायबलातच आहे. लढाईत लेकरांनाही न सोडण्याच्या त्या काळातील रीतीचे उल्लेख बायबलात अन्यत्रही येतात. तेव्हा स्तोत्रकर्त्याने नवे क्रौर्य कल्पिलेले नाही. जे भोगले तेच शत्रूच्या वाट्याला यावे, अशी त्याची इच्छा आहे. पुढे इ. स. पूर्व ५३९ मध्ये इराणच्या सायरसने बॅबिलोन घेतले, ते तत्कालीन बखरीनुसार नगरात लढाई न होता. शाप त्या रूपात फळाला आला नाही. यहुद्यांना मात्र परतण्याची मुभा मिळाली.

ख्रिस्ती धर्मापुढे प्रश्न असा उभा राहिला की, शत्रूवर प्रीती करा असे सांगणाऱ्या येशूच्या अनुयायांनी ही ओळ म्हणावी कशी? इ. स. १४४ च्या सुमारास मार्सियन याने सरळ उत्तर दिले: जुना करारच टाकून द्यावा. रोमच्या मंडळीने त्याला बहिष्कृत केले. ग्रंथाची पाने काढायची नाहीत हे अशा रीतीने ठरले; मग अडचण अर्थाच्या मार्गाने सोडवणे भाग होते.

तो मार्ग तिसऱ्या शतकात ऑरिजेन या पंडिताने दाखविला. बॅबिलोन म्हणजे पापाचा गोंधळ, तान्ही मुले म्हणजे मनात नुकतेच उगवलेले दुष्ट विचार. ते वाढण्याआधीच मोडावेत, असा त्याने अर्थ लावला. संत ऑगस्टिन याने खडक म्हणजे ख्रिस्त असे सांगितले आणि सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट याने हीच शिकवण मठवासीयांच्या नियमावलीत घातली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मोठ्या उपवासापूर्वीच्या तीन रविवारी हे स्तोत्र आजही त्या ओळीसकट गातात. वचनाचा गूढार्थ लावण्याची ही पद्धत आपल्या टीकाग्रंथांच्या वाचकांना अपरिचित वाटणार नाही. साधकाला तिचा उपयोग झाला, हे निर्विवाद. पण या अर्थात मूळचा रडणारा माणूस आणि ते मूल, दोघेही दिसेनासे होतात.

पुढच्या काळात दुसरा मार्ग निघाला, तो मौनाचा. इंग्लंडमधील आयझॅक वॉट्स याने १७१९ साली स्तोत्रांची गीते रचली, तेव्हा हे स्तोत्र त्याने घेतलेच नाही. जॉन वेस्ली याने अमेरिकेतील मेथडिस्टांसाठी १७८४ मध्ये उपासनापुस्तक तयार करताना, ख्रिस्ती मंडळीच्या तोंडी शोभत नाहीत म्हणून अनेक स्तोत्रे व ओळी गाळल्या. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, पोप सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत, दैनिक प्रार्थनाग्रंथ सुधारला. त्यात ५८, ८३ व १०९ ही तीन स्तोत्रे पूर्णपणे आणि १३७व्याच्या शेवटच्या ओळी वगळण्यात आल्या. म्हणणाऱ्याच्या मनाला होणारा त्रास, असे कारण देण्यात आले. बायबलात मात्र हे सारे जसेच्या तसे राहिले.

तिसरा मार्ग अलीकडचा. सी. एस. लुईस यांनी १९५८ साली स्तोत्रांवर लिहिताना या द्वेषावर पांघरूण घालू नये, असे सुचविले. माणसावर अन्याय केला की त्याच्या मनात असे विष साचते. त्या विषाचा दोष अन्याय करणाऱ्याकडेही जातो, हे या ओळी दाखवतात, असा त्यांचा रोख आहे. स्तोत्र ही देवाची आज्ञा नाही, देवापुढे मांडलेले गाऱ्हाणे आहे, हा भेदही अभ्यासक सांगतात. भेद लहान दिसतो. परंतु गाऱ्हाणे मांडणारा सूड देवावर सोपवतो आणि आज्ञा समजणारा शस्त्र उचलतो.

येथे दोन माणसे आम्हांस आठवतात. गुलामगिरीतून सुटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथील भाषणात हेच स्तोत्र म्हटले. शाप सुरू होण्यापूर्वी ते थांबले. शाप देण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता? दुसऱ्या, आपल्या पंडिता रमाबाई. त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. वक्त्याला थांबता येते, भाषांतरकाराला तसे थांबता येत नाही. प्रत्येक अवघड ओळीला त्यांना मराठी शब्द शोधावा लागला असेल.

आमचे आयुष्य कागदपत्रांत गेले. तेथे एक नियम होता: जुन्या फाईलमधील पान कितीही अडचणीचे असले तरी फाडायचे नाही, त्यावर आपले टिपण लिहून खाली सही करायची. चर्चने दोन हजार वर्षे बहुधा हेच केले. टिपणे बदलत गेली, काही चुकीचीही ठरली असतील, पान राहिले. आपल्या घरांतील पोथ्यांतही स्त्रिया व शूद्रांविषयी अशी वचने आहेत की नातवंडांनी विचारले तर आपण विषय बदलतो. ती पाने फाडू नयेत, असे आमचे मत आहे. परंतु त्यांवर आपल्या पिढीचे टिपण आणि सही आहे काय, हे ज्याने त्याने पाहावे. आमच्या घरच्या पोथीवर ते अद्याप नाही.