डबा, पाऊस आणि आजोबांची वही

रत्नागिरीत पावसाळ्यात एखादी वस्तू कोरडी ठेवणं हा पूर्णवेळ उद्योग आहे. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि वरून समुद्राची खारी हवा. मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला हिरवी लव येते, काडेपेटी रुसते. अशा गावात मी आणि माझ्या आतेभावाने मागच्या डिसेंबरात एक जिओकॅश लपवली. (कॅश म्हणजे आपल्या प्रोसेसरमधली, नोटांची नाही!)

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक डबा घ्यायचा, त्यात एक छोटी वही ठेवायची, डबा कुठेतरी लपवायचा आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. लोक जीपीएस घेऊन शोधत येतात, वहीत सही करतात आणि डबा होता तिथे परत ठेवतात. अमेरिकन सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगनमध्ये एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. त्यात पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि बीन्सचा एक सीलबंद डबा होता. इथून हा खेळ सुरू झाला.

आमचा डबा साधाच होता. चारी बाजूंनी क्लिप लागणारा, झाकणाला रबरी गॅस्केट असलेला, स्वयंपाकघरातला. घराच्या मागच्या सड्यावर, जांभ्याच्या दोन दगडांच्या फटीत ठेवला. ऑक्टोबरात जाऊन उघडला तर आत अर्धा कप पाणी आणि वहीचा लगदा. क्लिपा चारही लागलेल्या, गॅस्केट शाबूत. मग पाणी शिरलं कुठून?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं फिजिक्स आठवलं. उन्हात तापलेल्या कातळावर डब्यातली हवा सहज ५० अंशांवर जाते. तापली की फुगते आणि थोडी थोडी करून बाहेर निसटते. मग पावसाची सर येते, डबा मिनिटांत २५ अंशांवर. आतला दाब जवळजवळ आठ टक्क्यांनी उतरतो. आठ टक्के म्हणजे किती? साधारण ८० सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. म्हणजे प्रत्येक सरीला तो डबा जणू कमरेएवढ्या पाण्यात बुडवल्यासारखा होतो, आणि झाकणाच्या कडेला साचलेलं पाणी आत ओढून घेतो. डबा श्वास घेतो हो! आणि रत्नागिरीत श्वास घेणं म्हणजे पाणी पिणं.

डब्याचं दुःख एवढं मोठं नव्हतं. खरी गोष्ट पुढे आहे.

त्याच सुट्टीत आजीने आजोबांची वही मागितली. आजोबांनी आयुष्यभर एक वही लिहिली होती. कुठलं कलम कुठल्या साली लावलं, कुणाच्या बागेतून आणलं, कुठल्या झाडाने कधी दगा दिला, सगळं शाईने, बारीक अक्षरात. आता काका बागेचा हिशोब लावायला बसले होते आणि ती वही हवी होती. वही माझ्याकडे होती. म्हणजे मीच बांधून ठेवली होती. आजोबा गेले त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याला परत निघताना मी ती दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली, चिकटपट्टी लावली, एक सिलिका जेलची पुडी टाकली, स्टीलच्या डब्यात ठेवली आणि डबा माळ्यावर. एकदम वॉटरप्रूफ!

चार वर्षांनी उघडली तर पानं एकमेकांना चिकटलेली, शाई निळ्या ढगासारखी पसरलेली, आणि तो वास.

आजी एवढंच म्हणाली, "अरे, ती दर वर्षी उन्हात टाकायची असते. चाळीस वर्षं टाकत होते मी. पापड कुणी ऊन न दाखवता बांधून ठेवतं का?"

गणित करून बघितलं. पावसाळ्यात कागद स्वतःच्या वजनाच्या दहाएक टक्के पाणी धरून बसतो. तीनशे ग्रॅमची वही म्हणजे तीस ग्रॅम पाणी. माझी पुडी फार तर दोनेक ग्रॅम शोषणार. मी पाणी बाहेर ठेवलं नव्हतं, आत कोंडलं होतं.

मग मला प्रश्न पडला की आपल्याकडे या पावसात पूर्वी लोक वस्तू टिकवायचे कशा? पुण्यात परत आल्यावर दोन-तीन वीकेंड त्यातच गेले. सापडलं ते भारी आहे.

पहिला मार्ग, डबाच नको. आमच्या सड्यांवरची कातळशिल्पं बघा. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी जांभ्यात हत्ती, मासे, माणसं कोरली आणि निघून गेला. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. निरोप आणि भांडं एकच असलं की गळायला काही उरत नाही. ताम्रपटाचंही तेच. दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीला शिलाहार विक्रमादित्याचा ११३९ सालचा ताम्रपट मिळाला. गावाचं जुनं नाव प्रणालक, हे त्यावरून कळलं. लोखंडाचा गंज पापुद्रे काढत पत्रा खात जातो, तांब्यावर मात्र हिरवट थर चढतो आणि तोच पुढची झीज रोखून धरतो. ताम्रपटांच्या कडा बरेचदा उचललेल्या असतात, म्हणजे पत्रे एकमेकांवर घासून अक्षरं झिजू नयेत. आणि सगळे पत्रे एका कडीत ओवून वर राजमुद्रा. स्पायरल बाइंडिंग, पण आठ-नऊशे वर्षं टिकणारं.

दुसरा मार्ग, एकात एक. विरार लोकलने नालासोपाऱ्याला उतरणाऱ्या किती जणांना माहीत असेल की हे कोकणातलं एके काळचं मोठं बंदर, शूर्पारक? तिथे 'बुरुडराजाचा कोट' नावाची एक टेकडी होती. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ती खणली आणि तो विटांचा स्तूप निघाला. मध्यभागी दगडाची गोल पेटी. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सगळ्यात आत, सोन्याच्या करंडकात काय? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने हे सगळं सांभाळून ठेवलं आहे.

यातली युक्ती बघा. एका झाकणावर कुणीही विसंबून नाही. बाहेरचं गळलं तर आतलं आहे. आणि विटांच्या भल्या मोठ्या ढिगाच्या पोटात ऊन-पावसाचा झटका पोचतच नाही, त्यामुळे माझ्या डब्यासारखा श्वास घ्यायचा प्रश्नच कमी.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे. त्या पेटीत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं, म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. आणि तांब्याच्या करंडकाभोवती बुद्धांच्या आठ धातूच्या मूर्ती होत्या, त्या शैलीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या मानल्या जातात. याचा अर्थ अभ्यासक असा लावतात की मधे सहाएकशे वर्षांनी कुणीतरी तो स्तूप उघडला, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा नीट बंद केला. जिओकॅशिंगच्या भाषेत सांगायचं तर मेंटेनन्स व्हिजिट :)

तिसरा मार्ग आजीचा. लोणच्याची बरणी चिनी मातीची, तोंडाला दादरा बांधलेला. दादरा हवाबंद नसतो. तिथे राखण करतं ते वर तरंगणारं तेल आणि आजीचं लक्ष. चार दिवसांनी उघडायचं, कोरड्या डावाने ढवळायचं, तेल खाली गेलं तर वर घालायचं. वहीचंही तिने तेच केलं. चाळीस वर्षं ती वही एका साध्या लाकडी पेटीत होती, चिकटपट्टीशिवाय.

तर निष्कर्ष काय? खरंच बंद करायचं असेल तर आतली वस्तू आधी सुकवा आणि मग सोपाऱ्यासारखं किंवा आमरसाच्या डब्यासारखं पूर्ण बंद करा. ते जमणार नसेल तर आजीसारखं उघडत राहा. सगळ्यात वाईट म्हणजे मधला प्रकार, अर्धवट बंद आणि पूर्ण विसरलेला. आपल्या धंद्यात हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, रिस्टोअर करून न बघितलेला बॅकअप हा बॅकअप नसतो. मी दर महिन्याला हे ज्युनिअर पोरांना ऐकवतो. घरच्या वहीला मात्र लावलं नाही.

वहीची अकरा पानं वाचता आली, त्यांचे फोटो काढले. बाकीचं आजीने सांगितलं. तीन संध्याकाळी ती ओटीवर बसून झाडं आठवत होती आणि मी नवीन वहीत लिहीत होतो, पेन्सिलने, कारण ग्रॅफाइट पाण्यात पसरत नाही. बरीचशी झाडं आठवली. काही सालं गेली ती गेलीच. काकांनी काही बोलायचं टाळलं, तेच जास्त लागलं.

डबाही नवा लावला. ज्यातून पाण्याच्या बाटल्या फुगवतात ती जाड पेटची नळी मिळते, आटे असलेलं घट्ट झाकण. ती एका मोठ्या डब्यात, म्हणजे एकात एक. तोंड खाली, जागा सावलीची, जमिनीपासून वर, बाहेर मराठीत 'खेळाचा डबा आहे, धोका नाही' अशी पट्टी. (बेवारस डबा बघून पोलीस यायला नकोत. आणि पुरायचा तर अजिबात नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांच्या वरचा ठेवा सापडला की कलेक्टरला कळवावं लागतं!)

फोनमध्ये दोन रिमाइंडर लावलेत. एक मे महिन्यातला, वही उन्हात टाकायला. दुसरा ऑक्टोबरातला, डबा उघडून बघायला. पहिल्याची गरज नाही म्हणा, त्याच्या आधी आजीचा फोन येतोच.

असो. उद्या सोमवार.