गाळलेला पहारेकरी

'हा माणूस जास्तीचा आहे' हे वाक्य आम्ही कामगार चळवळीत पुष्कळदा ऐकले. तो माणूस कशासाठी उभा होता, हे बहुधा तो गेल्यावर कळते. आज सांगावयाची हकीकत संगणकाच्या पोटातली आहे. पण ती वाचताना आम्हाला हे वाक्य आठवल्यावाचून राहिले नाही.

माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या दुभाष्याला कंपायलर म्हणतात. १९५७ साली आय.बी.एम.च्या जॉन बॅकस व सहकाऱ्यांनी फोरट्रानचा कंपायलर सिद्ध केला. यंत्राचा वेळ फार महाग. म्हणून त्यांनी त्याला काटकसरही शिकविली. तेव्हापासून हे दुभाषी अनावश्यक वाटेल ते गाळीत आले आहेत. किती गाळावे, याचे हुकूम त्यांना बाहेरून देता येतात.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहावयास घेतला. संगणकाचा सारा कारभार या कर्नेलच्या हाती असतो. २००९ साली त्याच्या २.६.३० या आवृत्तीत एक चूक शिरलेली होती. एका ठिकाणी आधी पत्त्यावरून माल उचलला जाई, आणि पत्ता कोरा तर नाही ना, ही तपासणी मागाहून होई. जीसीसी या कंपायलरने तर्क केला: ज्या अर्थी माल उचलला, त्या अर्थी पत्ता कोरा नाही, मग तपासणी कशाला? त्याने ती गाळली. हल्लेखोराने त्या कोऱ्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या, जागी आपला माल ठेवला की सारे यंत्र त्याच्या ताब्यात जाई. जुलै २००९ मध्ये ब्रॅड स्पेंगलर यांनी हे प्रत्यक्ष करून दाखविले.

मूळ मजकूर वाचणाऱ्यास पहारेकरी जागेवर दिसत होता. यंत्रात तो नव्हताच! काटकसर अजिबात बंद करावी, तर तिच्यावाचून हे कर्नेल नीट बांधले जात नाही. तेव्हा ओळींचा क्रम सुधारण्यात आला, आणि अशा तपासण्या गाळू नयेत असा कायमचा हुकूम कर्नेल बांधताना देण्यात येऊ लागला.

कंपायलर नियमाने वागला, हे खरे. चूक माणसाचीच होती. काटकसरीने तिचा घात झाला. करारावर सही झाली म्हणून आम्ही हार घालीत नाही. खात्यात जाऊन कलम लागू झाले की नाही ते पाहतो. कर्नेलमधले दोष हुडकणारेही अखेरीस तेच करतात: यंत्राच्या हाती प्रत्यक्ष काय पडले, ते आज्ञेमागून आज्ञा वाचून पाहतात.