रेघ ओढण्याआधीचं कोष्टक

बसवनगुडीच्या कृष्णराव पार्कातला मंडप ओटो कोनिग्सबर्गर यांनी १९४०च्या सुमारास आखला. इमारतीला किती ऊर्जा लागेल हे तपासून मग नकाशा करायचा, या आजच्या रिवाजाचं एक मूळ या वास्तुकाराच्या बंगळुरूत आहे.

नाझींनी नोकरीवरून काढलेले कोनिग्सबर्गर इजिप्तमार्गे १९३९ साली म्हैसूर संस्थानात आले. त्यांचे मामा, पदार्थविज्ञानी मॅक्स बॉर्न, १९३५-३६मध्ये सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत राहून गेले होते. भाच्याची वाट तिथूनच मोकळी झाली असणार. पुढे त्याच संस्थेच्या आवारात त्यांनी अनेक इमारती बांधल्या.

१९४८ला ते दिल्लीला गेले आणि नंतर लंडनला उष्ण कटिबंधातलं वास्तुशास्त्र शिकवू लागले. १९७१ साली कार्ल महोनी आणि मार्टिन एव्हन्स यांच्यासह त्यांनी केलेली, हवामानावरून बांधणी सुचवणारी कोष्टकं संयुक्त राष्ट्रांनी छापली.

कोष्टक भरायला नकाशा लागत नाही. महिनावार तापमान, आर्द्रता, पाऊस आणि वारा एवढंच मांडायचं. बंगळुरूत जानेवारी ते एप्रिल दुपार आणि पहाटेच्या तापमानात १० अंशांहून जास्त फरक असतो. हवा फार दमट नसताना असे तीन महिने भरले, की कोष्टक जाड भिंती सुचवतं. घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला हव्यात, हेही त्यातूनच निघतं.

आता प्रतिवाद. कोष्टकांना नाव महोनींचं आहे. लंडनला ते शिकवत तो विभाग सुरू केला मॅक्सवेल फ्राय यांनी, पश्चिम आफ्रिकेतल्या अनुभवावर. अमेरिकेतल्या वास्तुकार ओल्ग्याय बंधूंचा हवेच्या सुसह्यतेचा आलेखही याआधीचा. पण तो आलेख हवा सुसह्य आहे का ते सांगतो. भिंत किती जाड, खिडकी केवढी, हा थेट हुकूम कोष्टकच देतं. म्हैसूरच्या सरकारी बांधकाम खात्यात नऊ वर्षं काढलेल्या माणसालाच असा हुकूम सुचावा! इमारतीची ऊर्जा मोजणाऱ्या संगणकी आज्ञावल्यांची कूळकथा वेगळी आहे. यांत्रिकी अभियंत्यांनी वातानुकूलनाचा भार मोजण्यासाठी त्या रचल्या, म्हणून त्यांना पूर्ण आराखडा लागे आणि तोवर बदलायला फारसं काही उरत नसे.

कोनिग्सबर्गर यांच्या १९७४च्या पाठ्यपुस्तकाचे एक सहलेखक स्टीव्हन सोकोलाय ऑस्ट्रेलियात शिकवत. पहिल्या रेखाटनावरच ऊन-सावली आणि उष्णता तपासून देणारं ‘इकोटेक्ट’ हे सॉफ्टवेअर अँड्र्यू मार्श यांनी त्याच देशात घडवलं. हा निव्वळ योगायोग मानणं कठीण आहे. २००८ साली ‘इकोटेक्ट’ ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीनं विकत घेतलं.